आधी पुडिंग

ब्रिस्टल, रविवार, १२ ऑक्टोबर

आजोबा,

आणि फ्लॉवरचं म्हणाल तर तुमचंच बरोबर निघालं. चीजमध्ये भाजलेला फ्लॉवर ताटात असला की बाकीच्या ताटाकडे कुणी बघत नाही, स्वयंपाकी त्याच्याआड आपल्या सगळ्या चुका लपवतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी उगाच वाद घातला. आज साउथव्हिलच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये रविवारचा भाजलेल्या मांसाचा रोस्ट खाऊन आले. फ्लॉवर एक नंबर. त्याखाली बीफ असं कोरडं, की चपलेला टाच लावता आली असती. बटाटे वरून कुरकुरीत दिसत होते पण आत ओले. गाजरं उकडून उकडून रंग गेलेली. दहापैकी सहा गुण दिले. तुम्ही असता तर चारच दिले असते आणि वर ‘गाजराने काय पाप केलं होतं’ असं विचारलं असतं.

एकटीच गेले होते. त्यांनी दोघांचं टेबल दिलं. समोरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर कोट ठेवला, तर वाढणाऱ्या मुलीने विचारलं की दुसरं कुणी यायचंय का, थांबू का. मी म्हटलं, नाही, ते नॉरिचला लेकीकडे आहेत. तिला काय कळणार.

आजी गेल्यापासून तीन वर्षांत आपण एकशे एकतीस रोस्ट खाल्ले. मी वही चाळून मोजले. प्रत्येक पानावर माझे गुण आणि खाली तुमचा शेरा. ‘ग्रेव्हीत चमचा उभा राहतो, छान.’ ‘पुडिंग विकतच्या पिशवीतलं, देव यांना क्षमा करो.’ ‘मालकीणबाई चांगल्या, मांस तितकं नाही.’ आजच्या पानावर खालची जागा रिकामीच आहे.

जॅनिस आत्या म्हणते तुम्ही तिच्याकडे मस्त रुळलात. दोन आठवड्यांसाठी म्हणून गेलात त्याला आता सहा झाले. तुमच्या बागेची काळजी करू नका, लीकच्या कांद्यांना मी पाणी घालते. शेजारचे म्हणतात त्यांना इतकं पाणी लागत नाही, पण मी घालते.

माझं सदर आता नेमाने येतंय, हे आत्याने सांगितलंच असेल. दर महिन्याला, पानभर, माझ्या नावाने. पहिला लेख तुम्ही वाचलात असंही ती म्हणाली. आजोबा, ते थोडं वाढवून लिहिलंय. मासिकात तसं लिहावं लागतं. मनावर घेऊ नका.

पुढच्या रविवारी कुठे जाऊ सांगा.

तुमची
टीगन


ब्रिस्टल, रविवार, २६ ऑक्टोबर

आजोबा,

तुमचं पत्र आलं. रेघांच्या कागदावर, तुमच्या त्या उभ्या क्रेनसारख्या अक्षरात. जिन्यातच बसून वाचलं. मग वर जाऊन परत वाचलं.

तुम्ही लिहिलंय की आत्याने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर चिठ्ठी लावलीय. चहा. चमचे. कप. ‘आता चुकायची सोयच राहिली नाही.’ हसवायला लिहिलंय हे कळतं मला. पण पुढे लिहिलंय की रविवारी ती सगळं एकाच ताटात देते, आणि तुम्हीही आता क्रम धरून बसत नाही, कारण भाजलेल्या पिठाचं ते खारं पुडिंग मांसाआधी खायला बाजूला काढलं की ती हातातलं काम थांबवून तुमच्याकडे बघते. आत्या? ती तर तुमच्याच घरात वाढली. लहानपणी तीही आधी पुडिंगच खायची ना? बाबा सांगतात, दोघं भांडायची कुणाचं मोठं आहे त्यावरून.

आणि मग ती शेवटची ओळ. ‘मी तुला आजीच्या नावाने डोरीन म्हणालो ते मला अजिबात आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. ते आठवत नाही यावरूनच मला कळलं, पोरी, की तू लिहिलंयस ते खरं आहे.’

दोन दिवस ह्या ओळीपाशी पेन घेऊन बसतेय.

म्हणून आधी दुसरं सांगते. आज आपल्या नेहमीच्या, बेव्हच्या पबमध्ये गेले होते. मुद्दाम नव्हते जात इतके दिवस. दारातच तिने मला पकडलं. म्हणाली, ये ग राणी, मोठी लेखिका झालीस, आता आमच्याकडचे कप पुसून घेशील का आधी. मग विचारलं तुमचं. मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, बरे कसे, तूच छापलंयस ना बरे नाहीत म्हणून.

तिने मासिक ठेवलंय आजोबा, बारच्या मागे, बाटल्यांच्या शेजारी. काढून माझ्यासमोर उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. ‘पहिली खूण रविवारच्या ताटात दिसली. त्यांना जेवणाचा क्रम आठवेनासा झाला. मांस सोडून ते आधी पुडिंग खाऊ लागले.’ मग चष्मा काढला.

“तीन वर्षं तो माणूस इथे बसून आधी पुडिंग मागतोय,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, हल गावातली माणसं उलट्या डोक्याची असतात का. तो म्हणाला, नाही बाई, उपाशी पोटाची असतात. तेव्हा तू शेजारी बसून हसत होतीस. मग ही खूण कधीपासून झाली ग?”

मी म्हटलं, अजून पुष्कळ खुणा होत्या. ती म्हणाली, असतील, मला काय, मी आपली ग्लास धुणारी. आणि गेली दुसऱ्या टेबलावर. मला रोस्ट आणून दिला दुसऱ्याच मुलीने. पुडिंग आधी, वेगळ्या बशीत, वर ग्रेव्ही ओतलेली. मी मागितलं नव्हतं.

अर्धं टाकून निघून आले. गुण दिले नाहीत.

जास्त लिहीत नाही. थंडी वाढलीय, आत्याला गरम पाण्याची पिशवी मागा.

टीगन


ब्रिस्टल, गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजोबा,

काल बाबांनी सांगितलं की घराला गिऱ्हाईक मिळालं आणि एकवीस तारखेला, शुक्रवारी, तुम्ही नॉरिचमधल्या वकिलाकडे सही करणार. टॉटरडाउनचं घर, तो चढ, पिवळं दार, सगळं. मी म्हटलं, आजोबांना विकायचंय का? बाबा म्हणाले, त्यांनीच हो म्हटलंय, म्हणाले की डोकं पूर्ण जायच्या आत केलेलं बरं. दवाखान्यातली तपासणीची तारीख फेब्रुवारीतली आहे. तोवर गिऱ्हाईक थांबणार नाही म्हणे.

तेव्हा आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून खाडाखोड तशीच ठेवते.

मेच्या शेवटच्या रविवारी मी तुम्हाला बंदरावरच्या त्या नव्या, काचेच्या हॉटेलात नेलं. तुम्हाला सांगितलं होतं की असंच, बदल म्हणून. असंच नव्हतं. मासिकाची संपादक, पेट्रा, हिने मला जेवायला बोलावलं होतं. माझी वही तिला कुणीतरी दाखवली होती. म्हणाली होती, सोबत ज्यांच्याबरोबर खातेस त्या आजोबांना घेऊन ये. मी तर हवेत होते. तीन वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या तारखा लिहून घेतल्या होत्या मी. तुम्ही निळा कोट घातलात, बूट पॉलिश केलेत. बसमध्ये म्हणालात, ज्या गोदीत घाम गाळला तिथे आता नॅपकिन मांडून बसायचं.

ताटं आली. खूप सुंदर दिसत होती, तुम्हीही म्हणालात. मांसाच्या तीन चकत्या, त्यावर उंच फुगलेलं पुडिंग टोपीसारखं ठेवलेलं. तुम्ही त्या लुईस नावाच्या वेटरला हळूच म्हणालात, बाळा, हे पुडिंग मला आधी वेगळं देशील का, ग्रेव्ही घालून, बाकीचं मागाहून. तो म्हणाला, शेफ ताट असंच लावतात, सर. तुम्ही म्हणालात, त्यांनी छानच लावलंय, मी फक्त जरा मोडतो. आणि काट्याने पुडिंग उचलून पावाच्या छोट्या बशीत ठेवलंत, ग्रेव्हीचं भांडं त्यात उपडं केलंत आणि शांतपणे खायला लागलात. बशी भरून ग्रेव्ही पांढऱ्या कापडावर उतरली. शेजारच्या टेबलावरची बाई बघत होती. पेट्राने काटा खाली ठेवला होता. तुमचं बीफ निवत होतं आणि तुम्हाला कसलीच घाई नव्हती.

पेट्राने विचारलं, हे नेहमीच असं करतात का?

मला उत्तर माहीत होतं. हलमधलं घर, सहा भावंडं, पीठ-अंडी-दुधाचं परातीएवढं पुडिंग आधी वाढणारी तुमची आई, म्हणजे पोटं अर्धी भरतात आणि मग तेवढंसं मांस सगळ्यांना पुरतं. शंभर वेळा ऐकलंय मी. आवडीने ऐकलंय. पेट्राला ते सांगितलं असतं तर तिलाही आवडलं असतं, हे मला आता कळतं. पण त्या क्षणी मला फक्त कापडावरचा तो तपकिरी डाग दिसत होता आणि वाटत होतं, ह्यांच्यामुळे मी अडाणी दिसतेय.

तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मी तुमच्या डाव्या बाजूला असलेल्या पेट्राकडे झुकले आणि म्हणाले, “डिमेन्शियाची सुरुवात आहे. हल्ली त्यांना नीट कळत नाही.”

एवढंच बोलले. पेट्राने लगेच माझा हात धरला. तिचा चेहराच बदलला, मऊ झाला. तिने वेटरला खूण केली, कानात काहीतरी सांगितलं. आणि मग तो आला, तुमच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “सगळं ठीक ना, नॉर्मन?” आत्तापर्यंत तो तुम्हाला सर म्हणत होता. तुमचं ताट आत नेलं. परत आणलं तेव्हा मांस बारीक बारीक कापलेलं होतं, थंडगार, आणि बाजूला चमचा.

तुम्ही त्या ताटाकडे थोडा वेळ बघितलंत. मग माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास उचलला. तुम्ही वेटरला थँक्यू म्हणालात आणि चमच्याने जेवलात. सगळं संपवलंत.

परत येताना बसमध्ये तुम्ही एकच वाक्य बोललात, की बटाटे चांगले होते.

लेखाचं आता. पेट्राने दुसऱ्याच दिवशी फोन केला. म्हणाली, ह्यावरच लिही, आजोबा आणि रविवारचं जेवण आणि हातातून निसटणारी आठवण. सदर देते म्हणाली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी हो म्हटलं. लिहून पाठवलं तर म्हणाली, चांगलंय पण एक क्षण हवा, वाचणाऱ्याचा श्वास अडकेल असा. म्हणून मी तो क्षण बनवला. की तुम्ही माझ्या बाहीवरची ग्रेव्ही रुमालाने पुसलीत आणि म्हणालात, सांभाळ, डोरीन.

आजोबा, तुम्ही मला डोरीन म्हणाला नव्हता. त्या दिवशी नाही, कधीच नाही. मी ते माझ्या खोलीत, पलंगावर बसून, बिस्किटं खात लिहिलं. आजीचं नाव लिहिताना मला जरा रडूही आलं, आणि मला वाटलं की रडू येतंय म्हणजे चांगलं लिहिलंय.

आत्याने नेमकं तेवढंच वाचलं. पुडिंगचं तिला माहीतच होतं, ते ती सोडून देत होती, पण बाप नातीला मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारतो म्हटल्यावर ती ऑगस्टच्या सुट्टीत गाडी घेऊन आली. स्वयंपाकघरात करपलेलं पातेलं सापडलं. एक पातेलं. माझ्या घरात तीन आहेत. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, लेखात लिहिलंयस ते सगळं खरं ना? मी म्हटलं, हो. तुमची बॅग भरताना मी तुमचे मोजे गुंडाळून दिले.

तुम्हाला ते आठवत नाही कारण ते घडलंच नाही. एवढं एक वाक्य लिहायला हे सगळं लिहिलं.

सही करू नका. बाबांना आणि आत्याला मी रविवारी सांगते.

टीगन


ब्रिस्टल, सोमवार, १७ नोव्हेंबर

आजोबा,

काल दुपारी फोन ठेवल्यापासून मी दोनदा कोट घालून बाहेर पडले आणि दोनदा परत आले. फोनवर मला नीट काही सांगता आलं नाही. म्हणून लिहिते. हे पत्र बुधवारी मिळेल असं पोस्टातल्या बाईने सांगितलंय. माझी पत्रं तुम्ही रविवारपर्यंत उशाशी ठेवून देता असं आत्या म्हणते. हे मिळाल्या मिळाल्या उघडा.

आधी इथलं. बाबांना नऊ तारखेला सांगितलं. ते गाडी पुसत होते. मी बोलत होते तोवर ते पुसतच राहिले, एकच आरसा. मग म्हणाले, “पानभर नाव छापून यावं म्हणून माझ्या बापाला वेडा ठरवलंस?” मग फडकं पिळत स्वतःशीच म्हणाले की मी तरी कुठे विचारायला गेलो, जॅनिस नेते म्हणाली, मला सुटल्यासारखं झालं. आणि आत निघून गेले. आठवडा झाला, माझ्याशी कामापुरतं बोलतात.

आत्याला फोन केला. तिला वाटतं तुम्हीच मला पढवलंय. म्हणाली, त्यांना घरी परत जायचंय म्हणून तू आता शब्द फिरवतेस, लाडकी ना तू, पण ते पडले-झडले तर धावत मी येणार आहे, तू नाही. मी म्हटलं, आत्या, मी खोटं लिहिलं होतं. ती म्हणाली, तेव्हा विचारलं तर हो म्हणालीस, आता नाही म्हणतेस, मग तुझं कुठलं धरू?

पेट्राला भेटून सांगितलं. ती म्हणाली, वाचक रडले ना, मग झालं तर, आता उकरू नकोस. मी म्हटलं, छापा की ते खोटं होतं. पुढच्या अंकात दोन ओळी येणार आहेत. सदर बंद. ह्याबद्दल मला तुमच्याकडून शाबासकी नकोय, अजिबात नको. सदर माझं नव्हतंच.

आता तुमचा फोन.

मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. मी तयारी करून बसले होते, रागवा म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, “पोरी, तू फार गुणाची आहेस. पण माझ्यासाठी एवढं मोठं खोटं अंगावर घेऊ नकोस.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुम्हाला वाटतंय की खरं तेव्हा लिहिलं होतं आणि खोटं आत्ता बोलतेय. म्हाताऱ्याला बरं वाटावं, घर जाऊ नये, म्हणून मी स्वतःला खोटारडी म्हणवून घेतेय. मी रडत होते आणि तुम्ही मला समजावत होता की होतं असं, वय झालं की डोकं जातंच, तुझ्यावर काही नाही. मी केलेल्या गोष्टीबद्दल तुम्ही माझी समजूत घालत होता, आजोबा. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, त्या हॉटेलातसुद्धा नाही.

पण फोन ठेवून जरा वेळाने मी तुमचं बोलणं परत आठवायला लागले. समजावता समजावता तुम्ही मध्येच म्हणालात की त्या पोराचं नाव लुईस नव्हतं, लूकस होतं, त्याच्या छातीवर लिहिलं होतं, आणि त्याची आई प्लिमथची. मला तर आठवतच नाही तुम्ही त्याच्याशी कधी बोललात. मग म्हणालात की कापून आणलेलं मांस थंडगार नव्हतं, त्यांनी परत गरम करून आणलं होतं, बिचाऱ्यांना नावं ठेवू नकोस. मी तपासलं. पेट्राला विचारलं. लूकसच. आणि मांसाची वाफ निघत होती, तिला आठवतं, कारण तिला वाटलं होतं तुमचं तोंड भाजेल.

आणि तिसरं तुम्ही अगदी सहज बोललात, जसं काही माझ्या पत्रातली तारीख दुरुस्त करताय. “ऐकू न येणारा कान उजवा, टीगन. गोदीत क्रेनचा गोंगाट उजवीकडे असायचा. डाव्याने मला सगळं ऐकू येतं.”

सगळं. म्हणजे डिमेन्शिया हा शब्दही. सहा महिने. बटाटे चांगले होते म्हणालात तेव्हा तुम्ही ते ऐकून बसला होता. बॅग भरताना, मी मोजे गुंडाळत होते तेव्हाही. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्यावर तुम्ही म्हणालात, “मला वाटलं, तू माझ्याबरोबर दर रविवारी असतेस. तुला काहीतरी दिसलं असेल.”

मला काहीही दिसलं नव्हतं, आजोबा. फक्त डाग दिसला होता.

शुक्रवारी सही करा किंवा करू नका, ते मी आता सांगणार नाही. माझ्या सांगण्याने तुमचं एकदा पुरेसं नुकसान झालंय. परवा रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, गुरुवारी सकाळी मी नॉरिचला पोचते. आत्याने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. तुम्ही म्हणाल तर वकिलाकडे येऊन त्याच्यासमोर सगळं बोलेन, तुम्ही नको म्हणालात तर तशीच परत जाईन.

मात्र त्याआधी एक करा. माझं सहा तारखेचं पत्र काढा आणि त्याच्या शेजारी तुम्हाला आठवतो तो रविवार लिहून काढा. बसपासून बसपर्यंत. आत्याला दाखवायचं नाही, मलाही नाही. आपण सगळे तुमच्या डोक्याबद्दल बोललो. मी, पेट्रा, आत्या, बाबा, तो लूकससुद्धा. कपाटांना चिठ्ठ्या लागल्या, तारखा ठरल्या. तुम्हाला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच नाही.

तेव्हा दोन्ही कागद समोर ठेवा, आणि माझ्याकडे, आत्याकडे कुणाकडेही न बघता सांगा. त्या रविवारी काय झालं ते आपल्या दोघांपैकी कुणाला नीट आठवतंय, तुम्हाला की मला? तुमचं तुम्हाला काय वाटतं, आजोबा?